सापडलेले पाडस पोरके असतेच का?

आश्विन उजाडला की अहमदपूर तालुक्यात सोयाबीनच्या काढणीची एकच धांदल उडते. बालाघाटच्या रांगांमधील मुरमाड माळ असो की मन्याड नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन असो, दिवस वर येण्यापूर्वीच रानात विळे चालू लागतात. अशा वेळी पात धरून पुढे सरकणारी एखादी बाई एकाएकी थबकते. तिच्या पुढ्यात, वाळलेल्या झाडांच्या बुडाशी, फिकट तपकिरी रंगाचे एक चिमुकले पिल्लू अंग चोरून बसलेले असते. ते पळत नाही, ओरडत नाही. मान भुईला टेकवून टपोऱ्या डोळ्यांनी नुसते पाहत राहते. हरणाचे पाडस! भोवती माणसे जमतात. आई टाकून गेली असावी, असे कोणीतरी म्हणते. कुत्री फाडून खातील, अशी दुसऱ्याला काळजी वाटते. मग ते पाडस उचलून आखाड्यावर आणले जाते, त्याला गाईचे दूध पाजले जाते, पोरे त्याला कडेवर घेऊन मिरवितात. दोन-तीन दिवसांत त्याला हगवण लागते आणि आठवडा पुरा होण्याच्या आत बहुधा ते दगावते.

या साऱ्या प्रकारात कोणाच्याही मनात पाप नसते. ज्याच्या शेतातील कोवळे शेंडे हरणांच्या कळपाने खुडून नेलेले असतात, त्याच शेतकऱ्याच्या घरी हरणाच्या पाडसाला वाटीने दूध पाजले जाते, ही आपल्या ग्रामजीवनातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. हरणांमुळे होणाऱ्या पीकहानीची शेतकऱ्याची तक्रार खोटी नाही; तरीही पाडस समोर आले असता त्याचा हात उगारला जात नाही. उणीव असते ती माहितीची. शेतात एकटे सापडणारे पाडस बहुतेक वेळा पोरके नसतेच. ते लपविलेले असते आणि लपविणारी त्याची आईच असते.

आई दूर का राहते?

मराठवाड्याच्या उघड्या माळरानावर व शेतशिवारात जे हरीण प्रामुख्याने दिसते, ते काळवीट होय. वस्तुतः ‘काळवीट’ हे नाव काळ्या पाठीच्या व पिळदार शिंगांच्या नराचे. मादी पिवळसर तपकिरी असून तिला सामान्यतः शिंगे नसतात. सुमारे सहा महिने गर्भ वाढविल्यावर मादी कळपापासून बाजूला होते आणि उंच गवतात किंवा उभ्या पिकात बहुधा एकाच पाडसाला जन्म देते. पाडस जन्मल्यावर लवकरच उभे राहू लागते. परंतु शत्रूला मागे टाकण्याइतका वेग त्याच्या पायांत येण्यास काही दिवस जावे लागतात. तोवर स्तब्ध राहणे हेच त्याचे संरक्षण. त्याचा रंग वाळल्या गवताशी मिळून जातो. त्याच्या अंगाला वास अत्यल्प असतो आणि तोही राहू नये म्हणून आई त्याला चाटून स्वच्छ करते, त्याचे मलमूत्रसुद्धा चाटून टाकते. ती स्वतः मात्र आकाराने मोठी व दुरून नजरेस पडणारी असल्याने पाडसापाशी बसून राहिली तर लांडग्याला अथवा कुत्र्याला आयता ठावठिकाणा मिळेल. म्हणून ती दूर चरते, दिवसातून मोजक्या वेळा येऊन दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. जन्मानंतरचा पहिला आठवडा-दोन आठवडे हा क्रम चालतो. आपण पाहतो ते नेमके या दोन भेटींच्या मधले पाडस.

सशाचेही असेच आहे. आपल्याकडील रानसशाची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. आई त्यांना पाजण्यासाठी अगदी थोडा वेळ, तोही बहुधा दिवस मावळल्यानंतर येते. दिवसभर ती दिसणारच नाही. दिवसभर आई दिसली नाही म्हणून पिल्लू पोरके ठरविणे हा दोन्ही प्रकरणी सारखाच चुकीचा निष्कर्ष होय.

मनुष्याचा हात लागला की आई पिल्लाला पुन्हा जवळ घेत नाही, हा समज खेड्यापाड्यांत घट्ट रुजलेला आहे. अजाणता उचललेले पाडस परत ठेवण्यास लोक कचरतात ते यामुळेच. हा समज बहुतांशी निराधार आहे. सस्तन प्राण्यांतील आई इतक्या सहजासहजी पिल्लू टाकीत नाही. हात लावू नये हे खरे. परंतु त्याचे कारण वेगळे आहे. आपल्या अंगाचा वास त्याला चिकटतो, त्याने कुत्र्यांना माग लागतो. शिवाय भीतीनेच पाडसाच्या जिवावर बेतू शकते. सकाळी घरी आणलेले पाडस त्याच दिवशी, जेथून उचलले त्याच जागी नेऊन ठेवले तर आई त्याला स्वीकारण्याची शक्यता चांगली असते. दुसऱ्या दिवशीही प्रयत्न करून पाहण्यास हरकत नाही.

जुन्नरच्या उसातील धडा

पुणे जिल्ह्यात जुन्नर व लगतच्या तालुक्यांतील ऊसपट्ट्यात बिबट्याची मादी उसाच्या फडातच विते. तोडणी सुरू झाली की ऊसतोड कामगारांना बछडी सापडतात. बछडी उचलून नेली की आई त्यांच्या शोधात त्याच वस्तीभोवती घिरट्या घालू लागते आणि मग धोका बछड्यांपुरता राहत नाही. फडाशेजारच्या खोपटांत झोपणाऱ्या माणसांपर्यंत तो पोहोचतो. या अनुभवातून तेथे एक पद्धत रुळली आहे. बछडी सापडताच तोडणी थांबवावयाची, वन विभागास कळवावयाचे. वन कर्मचारी व माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्यक येऊन बछड्यांची तपासणी करतात. दिवस मावळला की ती प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली जातात, जवळपास स्वयंचलित कॅमेरे लावले जातात आणि सारी माणसे तेथून निघून जातात. रात्री आई येते, एकेका बछड्याला मानेशी तोंडात धरून नेते. अशी पुनर्भेट तेथे एकदा नव्हे, अनेकदा घडून आलेली आहे, पुष्कळदा तर पहिल्याच रात्री. बिबट्यासारख्या हिंस्र मानल्या गेलेल्या प्राण्याची आई माणसांच्या हातांतून गेलेले बछडे परत नेते, तर हरिणी का नेणार नाही?

जाता जाता एक सूचना करणे अवश्य आहे. उसात किंवा तुरीत सापडलेली मांजरासारखी पिल्ले पाहून बिबट्या आल्याची आवई उठते. पुष्कळदा ती पिल्ले रानमांजराची निघतात. बिबट्याच्या बछड्याच्या अंगावर दाट काळे ठिपके असतात. रानमांजराच्या पिल्लावर पुसट पट्टे दिसतात, शेपूट आखूड असते. वाघ-बिबट्याची भीती घालून गर्दी जमविण्यापेक्षा थोडे दूर होऊन, पिल्लांना न हलविता, वन कर्मचाऱ्यास बोलावणे केव्हाही बरे.

खरे पोरकेपण कसे ओळखावे

तरीही काही पाडसे खरोखरच पोरकी होतात. रस्त्यावर वाहनाखाली आई सापडते, कुत्र्यांची टोळी तिला मारते, कठडा नसलेल्या विहिरीत ती पडते. मृत मादी जवळच आढळली आणि तिच्या सडांत दूध असेल तर शंकेला जागा उरत नाही. एरवी पाडसाकडेच पाहावे. लपविलेले पाडस गप्प असते. भुकेने व्याकूळ झालेले पाडस वारंवार ओरडते, उठून सैरभैर फिरते, माणसामागेही येते. डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी पूर्ववत न होणे, अंगावर मुंग्या वा जखमेत किडे, मोडलेला पाय, कुत्र्याचा चावा ही सारी तातडीच्या मदतीची लक्षणे समजावीत. यांपैकी काहीही नसेल तर दोन-तीनशे पावले दूर जाऊन, कुत्री बांधून ठेवून, संध्याकाळ व पुढची सकाळ अशी वाट पाहावी. माणसे भोवती उभी असतील तोवर हरिणी फिरकणार नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे. बांधावर बसून मोठमोठ्याने चर्चा करणाऱ्या मंडळींमुळेच कित्येकदा पाडसाची व आईची ताटातूट होते.

दूध, ऊब आणि अंधार

पाडस खरेच पोरके ठरले, वन विभागास कळविले आणि माणूस येण्यास काही तास लागणार आहेत, अशा वेळी काय करावे? पहिली गरज दुधाची नसून उबेची व शांततेची असते. एखादे खोके किंवा मोठी पाटी घेऊन तीत जुने सुती कापड अंथरावे, पाडसाला तीत छातीवर बसेल असे ठेवावे, वरून हवा खेळती राहील असे कापड झाकावे आणि ती पाटी जनावरांच्या व पोरांच्या गलबल्यापासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवावी. हरणवर्गीय प्राणी अतिशय भित्रे. धरपकड, गोंगाट व हाताळणी यांच्या भीतीने त्यांच्या स्नायूंची हानी होते, हृदयावर ताण येतो, आणि वरकरणी धडधाकट दिसणारे पाडस काही तासांनी वा काही दिवसांनीही अकस्मात मरते. तेव्हा छायाचित्रासाठी त्याला या हातातून त्या हातात देणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे.

अंग गार पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नये. आधी ते उबदार झाले पाहिजे. गार अंगात पचन चालत नाही. त्यानंतर द्यावयाचे झाल्यास उकळून कोमट केलेल्या पाण्यात जलसंजीवनीची पूड मिसळून थोडे थोडे द्यावे. पिल्लू चारी पायांवर उभे किंवा छातीवर बसलेले असावे. तान्ह्या बाळाप्रमाणे उताणे धरून, जबडा उघडून दूध ओतले की ते श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाचा दाह होतो. घरी वाढविलेल्या पाडसांच्या मृत्यूचे हे एक नेहमीचे कारण आहे. बाटलीचे तोंड बारीक असावे, घाई करू नये, पाडस स्वतः चोखेल तेवढेच द्यावे.

दुधाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण चूक होते ती येथेच. प्रत्येक जातीच्या आईचे दूध तिच्या पिल्लाच्या गरजेप्रमाणे बनलेले असते. हरिणीचे दूध गाईच्या दुधाहून दाट व स्निग्ध असते. पाडस थोड्या भेटींत भराभर वाढावयाचे असते ना! गाईचे दूध पाणी घालून पातळ करून पाजणे म्हणजे तर उपासमारच. प्राणिसंग्रहालयांत पाडसांसाठी बहुधा शेळीच्या दुधाचा आश्रय घेतला जातो. दिवसभरात वजनाच्या सुमारे एक-दशांश दूध पाच-सहा वेळांत विभागून देतात. नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला चीक मिळाला नसेल तर रोगप्रतिकारशक्तीच नसते, आणि चिकाचा लाभ मुख्यतः पहिल्या दिवसातच होतो. शिवाय पाडसाला लघवी व शौच आपोआप होत नाही. आई चाटते तेव्हा ते घडते. म्हणून प्रत्येक वेळी दूध पाजल्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने त्याचा पार्श्वभाग हळुवार पुसावा लागतो. हे ठाऊक नसल्याने पोट फुगून पाडसे मरतात आणि दोष मात्र दृष्टीला दिला जातो.

केनियात हत्तीच्या अनाथ पिल्लांचे संगोपन करणाऱ्या डॅफ्ने शेल्ड्रिक यांना तान्ह्या हत्तीला मानवेल असे दूध सापडण्यास कित्येक वर्षे लागली. गाईच्या दुधातील स्निग्धांश त्या पिल्लांना पचत नसे. अखेर नारळाच्या तेलाचा अंश असलेले बालान्न उपयोगी पडले. ज्या बाईने सारे आयुष्य त्या कामाला वाहिले तिची ही कथा. आपल्या आखाड्यावरील वाटीभर दुधाचा अंदाज चुकला तर त्यात नवल ते काय? मांसाहारी पिल्लांचे दुखणे आणखी निराळे. त्यांना नुसत्या दुधावर ठेवल्यास किंवा हाडांविना केवळ मऊ मांस दिल्यास हाडे ठिसूळ होतात. कोल्हा, लांडगा, मुंगूस अथवा रानमांजर यांच्या पिल्लांनी चावा घेतला वा ओरखडले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घेण्यासाठी रुग्णालयात जावे. पिल्लू लहान आहे म्हणून हा रोग लहान होत नाही.

माणसाळलेले पाडस पुढे कोठे जाते?

समजा, सारी काळजी घेऊन पाडस जगले. पुढे काय? आपल्या परंपरेत या प्रश्नाची चाहूल फार पूर्वीच लागलेली दिसते. शकुंतलेने वाढविलेले पाडस आपल्या सर्वांना आठवते. त्याहून बोधक कथा आहे ती भागवतातील राजर्षी भरताची. गंडकीच्या काठी आईवेगळ्या झालेल्या पाडसाला त्याने वाचविले. परंतु त्याच्या मायेत तो असा गुरफटला की पुढचा जन्म हरणाचाच आला. भागवताला त्यातून आसक्तीचा दोष दाखवावयाचा आहे. गुंतलेल्या पाडसाचे काय झाले, हे कथा सांगत नाही. ते सांगण्याचे काम विसाव्या शतकात प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी केले. कोनराड लोरेन्झ यांनी दाखवून दिले की अंड्यातून बाहेर येताच जे हलताना दिसेल त्याच्या मागे हंसाची पिल्ले आई समजून जातात. मग तो लोरेन्झ यांच्यासारखा दाढीवाला प्राध्यापक का असेना. या क्षेत्रातील संशोधनाबद्दल त्यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हरणांत हा संस्कार तसाच नसला तरी माणसांत वाढलेल्या पाडसाचे माणसाविषयीचे भय नाहीसे होते. मादी असेल तर ती कुत्र्यांच्या व शिकाऱ्यांच्या सहज हाती लागते. नर असेल तर गोष्ट अधिक बिकट होते. तो वयात येऊन काळा पडू लागला, शिंगांना पीळ चढला की माणसाला तो आपल्या जातीतला प्रतिस्पर्धी समजू लागतो. कालपर्यंत हातातून हरभरा खाणारे हरीण दोन फूट लांबीची शिंगे रोखून अंगावर येते. अशा नराला कळपात सोडता येत नाही व घरात ठेवता येत नाही.

पोरक्या पिल्लांना सांभाळण्याचे महाराष्ट्रातील सर्वविश्रुत उदाहरण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा. १९७३ साली बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. प्रारंभीच्या काळात डॉ. प्रकाश आमटे यांना शिकारीहून परतणारे आदिवासी भेटले. मारलेल्या माकडिणीला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. धान्य देऊन ते पिल्लू त्यांनी मागून घेतले आणि तेथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. उपासमारीपोटी शिकार करणाऱ्याला दोष न देता त्याच्याशी केलेला हा व्यवहार होता, हे विसरता कामा नये. परंतु त्या अनाथालयामागे एका कुटुंबाची अर्धशतकाची तपश्चर्या आहे, आणि तेथे वाढलेल्या अनेक प्राण्यांना पुढेही तेथेच राहावे लागले आहे. मराठवाड्यात बीड जिल्ह्यातील शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी हे केंद्र जखमी व पोरक्या वन्य जीवांची शुश्रूषा करते. अशी ठिकाणे मोजकी आहेत.

जंगलात परत पाठविणे शक्य नसते असे नाही. आसामात काझीरंगानजीक २००२ साली स्थापन झालेल्या केंद्रात पुरात आईवेगळी झालेली गेंड्याची पिल्ले वाढवून मानसच्या अरण्यात सोडण्यात आली आहेत. परंतु त्यासाठी वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने तयारी करावी लागते. आणि तयारी करूनही यश हाती लागतेच असे नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये अवनी या वाघिणीला गोळी घातल्यावर तिची दोन बछडी पोरकी झाली. त्यांतील मादीला डिसेंबरमध्ये पकडून पेंच व्याघ्र प्रकल्पातील कुंपणबंद क्षेत्रात वाढविण्यात आले. मार्च २०२१ मध्ये तिला मोकळे सोडले आणि त्याच महिन्यात दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीतील जखमांनी ती मरण पावली. दोन वर्षांहून अधिक काळ तज्ज्ञांची देखरेख, विस्तीर्ण कुंपण आणि शासनाची सारी साधने पाठीशी असताना हे घडले. आईने जे शिकविले असते ते माणसाला शिकविता येत नाही.

कायदा काय सांगतो

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ अन्वये वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे. असा प्राणी ज्याच्या ताब्यात आला त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस ठाण्यास किंवा अधिकृत वन अधिकाऱ्यास ती माहिती देणे बंधनकारक आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत येते. त्याच्या बाबतीतील गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षांच्या कारावासाची तरतूद असून २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये केलेली आहे. मायेपोटी पाडस पाळणाऱ्याला ही भाषा कठोर वाटेल. परंतु ‘पोरके होते म्हणून पाळले’ ही सबब ग्राह्य धरली तर पाडसांचा व्यापार करणारा प्रत्येक जण तीच पुढे करील. प्रामाणिक माणसाला ४८ तासांची ही मुदत पुरेशी आहे. वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर माहिती देता येते. गावचा वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालय यांच्याकडेही ती देता येते. कळविताना पाडस नेमके कोठे, केव्हा सापडले, आई आसपास दिसली काय आणि त्याला काही पाजले असल्यास काय पाजले, एवढे सांगितले तरी पुढील उपाय ठरविणे सुकर होते.

काढणीच्या दिवशी

जर्मनी व स्वित्झर्लंड या देशांत गवत कापणीच्या यंत्राखाली हरणांची पाडसे चिरडली जात. आता तेथे भल्या पहाटे, जमीन थंड असताना, उष्णता टिपणारे कॅमेरे लावलेली ड्रोन शेतावरून फिरवितात व पाडसे शोधून काढतात. आपल्याकडेही काढणीसाठी हार्वेस्टर येऊ लागले आहेत आणि यंत्राच्या आवाजानेही पाडस जागचे हलत नाही, हे वर सांगितलेच आहे. ड्रोन नसेना, यंत्र रानात घालण्यापूर्वी दोघा-तिघांनी ओळीने एकदा शेत तुडविले तर काम भागते.

पाडस दिसलेच तर त्याच्याभोवतीचा चार-पाच हातांचा पट्टा उभा ठेवावा, खूण म्हणून दूरवर एक काठी रोवावी आणि शेताच्या दुसऱ्या टोकाकडून कापणी चालू ठेवावी. तो पट्टा त्या दिवशी कापू नये, कुत्री आखाड्यावरच बांधावीत, संध्याकाळी सर्वांनी वेळेवर रान सोडावे. हरिणी बहुधा तिन्हीसांजेनंतर किंवा पहाटे येते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बांधावरूनच नजर टाकावी. पाडस असेल, पण शांत असेल, तर आणखी एक दिवस थांबावे. जागा रिकामी असेल आणि रक्ताचा अथवा ओढून नेल्याचा माग नसेल, तर राहिलेला पट्टा खुशाल कापून घ्यावा.